कर्तव्यावर पोलीस गमावलेल्या घराने उपचारांचे छत्र कसे टिकवावे: सोलापूरच्या अनुभवातून

माझे पती पोलीस हवालदार होते. रात्रीच्या नाकाबंदीत एका भरधाव मालवाहू वाहनाने त्यांना धडक दिली, चार दिवस ते अतिदक्षता विभागात होते आणि पाचव्या दिवशी पहाटे गेले. घरात दोन लहान मुले, ७४ वर्षांचे सासरे आणि मधुमेहामुळे मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या सासूबाई होत्या. सानुग्रह अनुदान, कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नोकरी यांविषयी भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही सांगत होता. उद्या घरात कोणी आजारी पडले तर त्याचा खर्च कोणत्या योजनेतून व्हायचा, हे मात्र कोणी सांगितले नाही आणि मलाही विचारण्याचे सुचले नाही. नोकरीच्या आधाराने मिळालेले उपचारांचे संरक्षण नोकरी करणारा माणूस गेल्यावर गाजावाजा न होता सुटत जाते, आणि ते सुटल्याचे दवाखान्याच्या काउंटरवर उभे राहिल्यावरच कळते. आम्हाला ते सासूबाईंच्या पहिल्या डायलिसिसच्या दिवशी कळले.

आपल्या सोलापुरात शहर आयुक्तालय, ग्रामीण पोलीस दल आणि सोरेगावचा राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० अशी तीन वेगवेगळी आस्थापने आहेत, शिवाय केंद्रीय दलांत गेलेल्या जवानांची घरेही जिल्ह्यात आहेत. आस्थापना कोणतीही असली तरी घरच्यांपुढचे प्रश्न सारखेच असतात. म्हणून मला जे दीड-दोन वर्षांत हेलपाटे घालून समजले, ते ज्या क्रमाने करायला हवे होते त्या क्रमाने येथे लिहीत आहे.

१. पहिल्याच आठवड्यात एक माणूस आणि एक फाईल ठरवा

दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत कागद चार हातांत विखुरतात. पंचनाम्याची प्रत दिराकडे, दवाखान्याची बिले मेव्हण्याकडे, आधार कार्डे माहेरी गेलेल्या पिशवीत, असे आमच्याकडे झाले होते. घरातील एका शांत आणि लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाकडे सगळे कागद सोपवा, आणि पत्नीची सही लागणारा कोणताही अर्ज त्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. फाईलमध्ये पुढील कागद असले पाहिजेत:

- मृत्यू प्रमाणपत्राच्या किमान दहा मूळ प्रती
- प्रथम खबरी अहवाल, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रमाणित प्रती
- त्या दिवशीच्या ठाणे दैनंदिनीतील नोंद आणि कर्तव्यवाटपाच्या नोंदवहीचा उतारा
- सेवा पुस्तकाच्या पहिल्या पानाची आणि कुटुंबाच्या तपशिलाच्या पानाची प्रत
- शेवटची वेतनचिठ्ठी
- पोलीस ओळखपत्र आणि आरोग्य योजनेचे कार्ड
- शिधापत्रिका आणि घरातील प्रत्येकाचे आधार कार्ड
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले
- दवाखान्याची मूळ बिले, औषधांच्या पावत्या आणि डिस्चार्ज किंवा मृत्यूचा सारांश
- कोणत्याही खाजगी विम्याची पॉलिसी

मृत्यूची नोंद जेथे मृत्यू झाला त्या ठिकाणच्या स्थानिक संस्थेत होते, राहत्या गावी होत नाही. जखमी झाल्यावर पुण्याला हलवले आणि तेथे मृत्यू झाला, तर दाखला पुण्यातूनच आणावा लागतो. ही नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. मोठे रुग्णालय ती स्वतःहून कळवते, तरीही नाव, वडिलांचे नाव आणि वय यांतील एकही अक्षर आधारपेक्षा वेगळे नाही ना, हे दाखला हातात पडताच तपासा. त्याच दिवशी केलेली दुरुस्ती सोपी असते.

२. मृत्यूची नोंद कोणत्या शब्दांत झाली आहे ते स्वतः वाचा

या लेखातील एकच पायरी करायची असेल तर ही करा. लोक आपल्या माणसाला शहीद म्हणतात आणि ते ऐकून बरे वाटते, पण कार्यालयाच्या कागदावर लाभ ठरतो तो नोंदीतील शब्दांवरून. "सेवेत असताना मृत्यू" आणि "कर्तव्य बजावत असताना मृत्यू" या दोन वाक्यांत खूप अंतर आहे. रजेवर असताना घरी तापाने गेलेला कर्मचारीही सेवेत असतानाच गेलेला असतो. नाकाबंदीवर, बंदोबस्तात, आरोपीचा पाठलाग करताना किंवा जमाव आवरताना गेलेला कर्मचारी कर्तव्य बजावत असताना गेलेला असतो. नक्षलविरोधी किंवा दहशतवादविरोधी कारवाईत आलेल्या मृत्यूसाठी वेगळे शासन निर्णय आहेत. प्रस्ताव कोणत्या प्रकारात गेला, यावर पुढचे आर्थिक आणि वैद्यकीय लाभ अवलंबून राहतात.

आमच्या बाबतीत रुग्णालयाच्या कागदावर "वाहन अपघात" एवढेच लिहिले होते, आणि एका टेबलावर त्याच कागदाचा आधार घेऊन प्रस्तावात "सेवेत असताना अपघाती मृत्यू" असे लिहिले गेले. कोणाच्या मनात वाईट नव्हते, पण ते वाक्य दुरुस्त होईपर्यंत अकरा महिने गेले. दुरुस्ती झाली ती कर्तव्यवाटपाच्या नोंदवहीच्या उताऱ्यामुळे. त्यात त्या रात्रीची नेमणूक, ठिकाण आणि वेळ स्पष्ट होती. हा उतारा सुरुवातीलाच मागून घेतला असता तर हा वेळ वाचला असता.

बंदोबस्तात हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू झाला असेल तर अधिक काळजी घ्यावी लागते. आषाढीच्या वारीत पंढरपुरात सलग उभ्या असलेल्या माणसाला तेथेच त्रास सुरू झाला, तो कोणाला सांगितला, किती वाजता दवाखान्यात नेले, पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी काय लिहिले, या सगळ्या गोष्टी वेळेसह कागदावर असाव्या लागतात. सोबतच्या सहकाऱ्यांचे जबाब स्मरण ताजे असतानाच नोंदवून घ्यावेत, अशी लेखी विनंती घटक प्रमुखांना, म्हणजे त्या आस्थापनेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना, करा. मागितलेली प्रत मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करता येतो, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

३. त्यांचा मोबाईल क्रमांक आणि पगाराचे खाते घाईने बंद करू नका

हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नाही, पण याच ठिकाणी अनेक घरे अडकतात. बहुतेक पोलीस कुटुंबांत पत्नी, मुले आणि आई-वडील यांच्या आधारला घरच्या कर्त्याचाच मोबाईल क्रमांक जोडलेला असतो. आरोग्य योजनेचे कार्ड काढताना, शिधापत्रिकेची ई-केवायसी करताना, विम्याच्या संकेतस्थळावर जाताना येणारा संकेतांक (ओटीपी) त्याच क्रमांकावर येतो. तो क्रमांक बंद झाला तर प्रत्येकाला आधार केंद्रावर जाऊन नवा क्रमांक जोडावा लागतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत तेव्हा दिवसच्या दिवस जातात. तो क्रमांक निदान वर्षभर रिचार्ज करून चालू ठेवा, आणि दरम्यान सगळ्यांचे आधार पत्नीच्या किंवा मोठ्या मुलाच्या क्रमांकाला जोडून घ्या.

पगाराच्या खात्याचा धोका वेगळा आहे. बँकेला मृत्यू कळला की खात्यातून पैसे काढणे थांबते आणि ते योग्यच आहे. पण त्याच खात्यातून खाजगी आरोग्य विम्याचा हप्ता आपोआप वळता होत असेल, तर तोही थांबतो. माझ्या पतींनी चौघांसाठी एक कौटुंबिक पॉलिसी घेतली होती, हे मला ठाऊकच नव्हते. त्यांचा फोन चालू होता म्हणून हप्ता भरला गेला नसल्याचा संदेश मला दिसला. वार्षिक हप्त्याला साधारणपणे ३० दिवसांची सवलतीची मुदत मिळते, त्यातले नऊ दिवस उरले होते. म्हणून खात्याचे मागील १३ महिन्यांचे उतारे काढा आणि विमा कंपनीच्या नावे गेलेली प्रत्येक रक्कम पेन्सिलीने अधोरेखित करा. वर्षातून एकदाच जाणारा हप्ता बारा महिन्यांच्या उताऱ्यात कधी कधी निसटतो, म्हणून तेरा म्हटले.

पोलिसांच्या पगार खात्यांना बँका अपघाती मृत्यूचे विमा संरक्षण जोडून देतात. त्याची सूचना देण्याची आणि कागद सादर करण्याची मुदत छोटी असते, त्यामुळे शाखा व्यवस्थापकांना पहिल्या पंधरवड्यातच लेखी विचारा. हा आरोग्य विमा नाही, पण आजारपणाच्या काळात घर याच रकमेवर उभे राहते.

४. शेवटच्या उपचारांचे बिल सोडून देऊ नका

जखमी झाल्यापासून मृत्यूपर्यंत झालेला खर्च हा सेवेत असलेल्या कर्मचाऱ्याच्या उपचारांचा खर्च आहे. महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ आणि त्याखालील आदेशांनुसार त्याची प्रतिपूर्ती मागता येते आणि कर्मचारी हयात नसेल तर वारसाने ती मागायची असते. शासनाने २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजार निश्चित केले आहेत, खाजगी रुग्णालयातील उपचारांचा विचार त्या यादीच्या आधारे होतो. अर्जासोबत मूळ बिले, पावत्या, उपचारांचा सारांश आणि रुग्णालयाचे प्रमाणपत्र जोडावे लागते व शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून पडताळणी होते. मूळ बिले देण्यापूर्वी प्रत्येक पानाची छायाप्रत काढून त्यावर बिलाचा क्रमांक लिहून ठेवा. मी ती काढली नव्हती आणि पाच पावत्या वाटेत हरवल्यावर माझ्याकडे दाखवायला काहीच उरले नाही.

मृत्यू वाहनाच्या धडकेने झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही उपचारखर्चासह भरपाई मागता येते. तो दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करण्याची तजवीज ठेवा, आणि एकच बिल दोन ठिकाणी पूर्ण मागू नका. एका ठिकाणी किती रक्कम मिळाली हे दुसऱ्या ठिकाणी सांगावे लागते.

५. पोलीस कुटुंब आरोग्य योजनेविषयी तोंडी उत्तरावर विसंबू नका

महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत सेवेत असलेल्या पोलिसांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना योजनेतील रुग्णालयांत पैसे न भरता उपचार मिळतात. ही योजना सेवेत असलेल्या माणसाच्या नावाभोवती उभी आहे. त्यामुळे मृत्यूनंतर कार्ड खिशात तसेच राहते, पण रुग्णालयाला घटक कार्यालयाकडून लागणारे पत्र मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. आम्ही ते गृहीत धरले होते. "काही काळजी करू नका वहिनी, कार्ड चालूच आहे," असे एकाने आपुलकीने सांगितले आणि त्यावर विसंबून आम्ही पाच महिने दुसरी कोणतीही तजवीज केली नाही.

म्हणून महिन्याभरातच घटक कार्यालयाच्या कल्याण शाखेला एक अर्ज द्या. त्यात तीन प्रश्न क्रमांक घालून विचारा. मृत्यूच्या प्रकारानुसार कुटुंबीयांना या योजनेचा लाभ पुढे चालू राहील काय, राहत असल्यास कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या कुटुंबीयांना, आणि रुग्णालयात दाखल होताना कोणाचे पत्र लागेल. उत्तर लेखीच मागा. त्याच अर्जात पोलीस कल्याण निधीतून वैद्यकीय मदत मिळण्याची पद्धतही विचारून घ्या. पोलीस स्मृती दिनाला, म्हणजे २१ ऑक्टोबरला, कुटुंबांना मानवंदनेसाठी बोलावले जाते आणि वरिष्ठ अधिकारी त्या दिवशी प्रत्येक घराची विचारपूस करतात. प्रलंबित अर्जाची आवक शिक्क्याची प्रत त्या दिवशी सोबत ठेवा. माझ्या अर्जाला उत्तर त्या भेटीनंतरच्या आठवड्यात आले.

६. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घराचे नाव पक्के करा

आता ज्या योजनेवर आमच्या घरातील डायलिसिस चालते तिच्याविषयी सविस्तर लिहिते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ही योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. त्यामुळे आपल्याकडील दवाखान्यांना ती जुनी आणि ओळखीची आहे. आज ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसोबत एकत्र राबवली जाते आणि एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत पैसे न भरता मिळतात.

सगळ्यात मोठा गैरसमज पांढऱ्या शिधापत्रिकेचा आहे. पूर्वी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरच लाभ मिळत असे. पोलिसांच्या घरी बहुधा पांढरी शिधापत्रिका असल्याने "ही योजना आपल्यासाठी नाही" हे वाक्य पोलीस वसाहतींत पक्के बसले आहे. राज्याने २०२३ मध्ये योजनेचा विस्तार करण्याचा निर्णय घेतला आणि आता पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही तिच्यात येतात. जुने ऐकीव ज्ञान बाजूला ठेवा.

कामाचा क्रम असा ठेवा. प्रथम शिधापत्रिकेतून मृत व्यक्तीचे नाव कमी करून पत्नीचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून लावून घ्या. हे काम शहरात असाल तर परिमंडळ अधिकारी कार्यालयात आणि तालुक्यात असाल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत होते. त्याच वेळी सासू-सासऱ्यांची नावे कोणत्या शिधापत्रिकेत आहेत ते पाहा. आमच्या सासऱ्यांचे नाव गावच्या जुन्या शिधापत्रिकेत होते आणि तिचा बारा अंकी क्रमांक ऑनलाइन झालेलाच नव्हता. त्यानंतर आयुष्मान ॲपवर, आपले सरकार सेवा केंद्रात किंवा योजनेतील रुग्णालयात मदतीसाठी नेमलेल्या आरोग्यमित्राकडे जाऊन घरातील प्रत्येकाची ई-केवायसी करून कार्ड काढा. एकाचे कार्ड निघाले म्हणून सर्वांचे निघाले, असे होत नाही.

आपल्या जिल्ह्यात एक अडचण हमखास येते आणि ती पुण्या-मुंबईच्या लोकांना समजत नाही. आपल्याकडे अनेक सुना इंडी, आळंद, विजयपूर, कलबुर्गी या भागांतून येतात. त्यांचे आधार कर्नाटकातील पत्त्यावर आणि माहेरच्या नावाने असते, आणि कित्येकदा तेथील शिधापत्रिकेतून नाव कमीच केलेले नसते. तेलुगू आणि कन्नड घराण्यांत वडिलांचे नाव, घराणे आणि आडनाव यांचा क्रम सेवा पुस्तकात एक, आधारवर दुसरा आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरा असतो. ई-केवायसीच्या वेळी यंत्र हे जुळवू शकत नाही आणि अर्ज नाकारला जातो. आधी माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग विवाह प्रमाणपत्र जोडून आधारमध्ये नाव व पत्ता बदला, आणि सेवा पुस्तकात नाव जसे आहे तसेच ते सगळीकडे ठेवा, कारण निवृत्तिवेतनाचे कागदही त्याच नावाने निघतात. माझे माहेर आळंद तालुक्यातले आहे. केवळ या एका दुरुस्तीसाठी मला तीन वेळा एसटीने जाऊन यावे लागले.

रुग्णालयात गेल्यावर बिलाच्या काउंटरवर जाण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. तो रुग्णाचे नाव पडताळतो आणि उपचारांची पूर्वमंजुरी मागवतो. मंजुरी येण्याआधी अनामत रक्कम भरली तर ती परत मिळवण्यासाठी भांडावे लागते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन कागद नंतर देण्याची सोय आहे, त्यामुळे अपघात किंवा झटक्याच्या वेळी कार्ड शोधत घरी थांबू नका. योजनेत दाखल होऊन घ्यायचे ठरावीक उपचार आणि डायलिसिससारख्या प्रक्रिया येतात, रोजच्या बाह्यरुग्ण तपासण्या आणि कायमच्या गोळ्या येत नाहीत. त्यासाठी आपले सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालय, हाच परवडणारा मार्ग आहे. कोणते रुग्णालय कोणत्या उपचारासाठी योजनेत आहे हे बदलत असते. एखादे रुग्णालय हृदयशस्त्रक्रियेसाठी योजनेत असते पण डायलिसिससाठी नसते. जाण्यापूर्वी १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावर उपचाराचे नाव घेऊन विचारा. योजनेतील उपचारासाठी पैसे मागितले गेले तर तक्रारही येथेच करता येते, आणि ती रुग्ण दाखल असतानाच केलेली बरी.

आमच्याकडून डायलिसिसच्या पहिल्या सहा फेऱ्यांचे पैसे एका खाजगी दवाखान्याने रोखीने घेतले, कारण आमचे कार्ड तयार नव्हते. कार्ड निघाल्यानंतर मागचे पैसे परत मिळाले नाहीत. कार्ड काढण्याच्या तारखेपूर्वीचा खर्च योजनेत मागता येत नाही, म्हणून घरात सगळे ठणठणीत असताना ते काढा.

७. सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांचे कार्ड वेगळे काढा

मुलगा गेल्यावर सून माहेरी किंवा शहरात राहते, नातवंडे तिच्याजवळ असतात आणि गावाकडच्या म्हाताऱ्यांचा विषय मागे पडतो. निवृत्तिवेतनाच्या कागदावर त्यांचे नाव बहुधा नसते. त्यांच्यासाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यातून मिळतात. कुटुंब आधीच आयुष्मान भारतमध्ये असेल तर ज्येष्ठांसाठीची ही रक्कम वेगळी धरली जाते, आणि एका घरात दोन ज्येष्ठ असतील तर ती दोघांत मिळून वापरायची असते. कागद एकच लागतो, आधार. आधारवर जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष असेल किंवा वय कमी लागले असेल तर आधी ते दुरुस्त करा. आमच्या सासऱ्यांचे कार्ड एका दुपारी निघाले. सासूबाईंचे वय आधारवर चार वर्षांनी कमी असल्याने त्यांचे निघू शकले नाही, म्हणून त्यांच्यासाठी मागच्या पायरीतील योजनाच आधार ठरली.

८. खाजगी पॉलिसी असेल तर ती मोडू देऊ नका

कौटुंबिक पॉलिसीतील प्रस्तावक, म्हणजे ज्याने ती घेतली तो, गेला तरी उरलेल्यांचे संरक्षण संपत नाही. मृत्यू प्रमाणपत्रासह कंपनीला पत्र देऊन पत्नीचे नाव प्रस्तावक म्हणून लावून घ्या आणि हप्ता नव्या खात्यातून भरा. हप्ते परवडत नाहीत म्हणून पॉलिसी सोडून पुढे नवी घ्यावी, असा सल्ला मलाही मिळाला होता. तो ऐकू नका. जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ नव्या पॉलिसीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. सलग पाच वर्षे चाललेल्या पॉलिसीत, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, आजार सांगितला नव्हता या कारणाने दावा नाकारता येत नाही. ही वर्षे पतींनी हप्ते भरून जमवलेली असतात. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्टेबिलिटीने, म्हणजे चालू पॉलिसी न तोडता दुसऱ्या कंपनीकडे नेऊन, बदला. त्यामुळे ती वर्षे सोबत येतात. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे नूतनीकरणाच्या नोटिशीत तो लावला नाही ना, हेही पाहा.

दावा नाकारला तर प्रथम कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झाले नाही तर पुण्यातील विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते.

९. अनुकंपा नोकरी आणि निवृत्तिवेतन यांचा उपचारांशी असलेला संबंध

अनुकंपा तत्त्वावर गट क किंवा ड मध्ये घरातील पात्र व्यक्ती रुजू झाली की ती स्वतः शासकीय कर्मचारी होते आणि वैद्यकीय प्रतिपूर्तीचे १९६१ चे नियम तिच्या कुटुंबाला नव्याने लागू होतात. रुजू होताना भरायच्या कुटुंबाच्या तपशिलात अवलंबून असलेल्यांची नावे त्याच वेळी लिहा. विवाहित महिला कर्मचाऱ्याला स्वतःचे आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एका जोडीची निवड करावी लागते. मी सासू-सासऱ्यांची केली. तुमच्या घरी उत्तर वेगळे असू शकते, पण कोणाला दुसरे संरक्षण आहे आणि कोणाला नाही, हे कागदावर मांडून ठरवा आणि दोन्ही घरांना आधी सांगा.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव आपल्या जिल्ह्यासाठी मुंबईच्या महालेखापाल कार्यालयाकडे जातो आणि प्रदान जिल्हा कोषागारातून होते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांच्या घरांना हे निवृत्तिवेतन मिळत नाही असे अजूनही काही जण सांगतात. सेवेत असताना मृत्यू झाल्यास ते मिळावे असा शासन निर्णय ३१ मार्च २०२३ रोजी निघाला आहे. विम्याचा हप्ता निवृत्तिवेतनाच्या खात्यातून जाणार असेल तर दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यास चुकू नका. दाखला राहिला की निवृत्तिवेतन थांबते आणि मग हप्ताही चुकतो.

१०. केंद्रीय दलातील जवानाचे घर असेल तर

केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल अशा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी (सीएपीएफ) जानेवारी २०२१ मध्ये आयुष्मान सीएपीएफ योजना सुरू झाली. जवान गेल्यानंतर कुटुंबीयांच्या कार्डाचे पुढे काय होणार, हे त्याच्या तुकडीला किंवा ग्रुप सेंटरला लेखी विचारा. केंद्राचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले की केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे, सदस्य होता येते. त्या योजनेच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्यांना बाह्यरुग्ण खर्चासाठी दरमहा १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मागता येतो. तो अर्ज केल्यावरच मिळतो. सत्तरीवरील आई-वडिलांनी वय वंदना कार्ड घेण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते. सीजीएचएस किंवा आयुष्मान सीएपीएफ यांचा लाभ आधीच असेल तर तो आणि वय वंदना यांपैकी एकच निवडता येते. नियमित गोळ्या आणि तपासण्या चालू असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत, बाह्यरुग्ण उपचार देणारी सीजीएचएस सोडण्यापूर्वी त्यांच्या महिन्याच्या औषधांचे बिल समोर ठेवून हिशेब करा.